तीन हजार किलोमीटरमध्येच निकामी झालेले ऑइल : राजारामपुरीतील एका डिझेल गाडीचे प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधील एका सकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या शेजारच्या काकांनी आपल्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे इंजिनातील ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून पुन्हा आत घातली, बाहेर काढून पाहिली आणि मला हाक मारली. ऑइल कमाल खुणेच्याही वर चढलेले होते. ते कमी झालेले असते तर त्यांनी मला बोलावलेच नसते, कारण कमी झालेले ऑइल भरायचे असते हे त्यांना सांगावे लागत नाही. परंतु नऊ महिन्यांपूर्वी बदललेले आणि त्यानंतर कोणी एक थेंबही न घातलेले ऑइल वाढते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न होता : पुस्तिकेत १०,००० किलोमीटर लिहिलेले आहे आणि गाडी तर अवघी ३,१०० किलोमीटर चाललेली आहे, मग ऑइल आत्ताच बदलावे की थांबावे? मी वाहन अभियांत्रिकी शिकवत असल्यामुळे गल्लीतील गाड्यांच्या तक्रारी माझ्यापर्यंत येतातच, पण हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याचे कारण वेगळे आहे. एकच गाडी, एकच चालक, एकाच प्रतीचे ऑइल आणि वापराच्या दोन अगदी भिन्न तऱ्हा, अशी तुलना प्रयोगशाळेबाहेर क्वचितच मिळते.

गाडी आणि तिची वही

ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये घेतलेली आहे. इंजिन दीड लिटरचे, टर्बो डिझेल आणि १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या बीएस-६ मानकांचे, म्हणजेच धुरातील काजळी अडवून ठेवणारी डीपीएफ ही जाळी बसवलेले. फिल्टरसह ५ लिटर ऑइल लागते. प्रत ५डब्ल्यू-३०, कमी राखेची. पुस्तिकेतील सूचना अशी की, १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलावा. त्याच पुस्तिकेत आणखी काही पाने पुढे ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा एक तक्ता आहे आणि त्यात हीच मुदत ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने अशी निम्मी केलेली आहे. हा दुसरा तक्ता काकांनी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. माझा अनुभव असा आहे की, तो जवळजवळ कोणीच पाहत नाही.

काका कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात होते. यंत्राची नोंदवही ठेवण्याची तिथली सवय त्यांनी गाडीलाही लावली होती. तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, टायरमधील हवा आणि महिन्यातून एकदा डिपस्टिकवरची पातळी, एवढे सगळे त्यांच्या वहीत आहे, आणि या प्रकरणात जे काही खात्रीने सांगता येते ते या वहीमुळेच सांगता येते. मे २०२४ अखेर ते निवृत्त झाले. तोपर्यंतच्या ३० महिन्यांत गाडी ४०,००० किलोमीटर चालली होती. रोज महामार्गाने कागलला जाऊन येणे, एका फेरीला सुमारे २० किलोमीटर, आणि मधूनमधून पुण्याची किंवा बेळगावची फेरी असा तो वापर होता. ऑइल दर १०,००० किलोमीटरला, म्हणजे साधारण साडेसात महिन्यांनी बदलले जाई. या सबंध काळात दोन बदलांच्या दरम्यान पातळी वाढल्याची एकही नोंद नाही. प्रत्येक वेळी ती किंचित उतरलेलीच आहे. निरोगी डिझेल इंजिनाकडून हेच अपेक्षित असते.

निवृत्तीच्या आठवड्यात ४०,००० किलोमीटरचे सर्व्हिसिंग झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी घेतलेली नोंद : ‘ऑइल दोन खुणांच्या मध्ये, पाऊण.’ ही नोंद पुढे फार कामाला आली.

त्यानंतर गाडीचे आयुष्यच बदलले. सकाळी नातवाला शाळेत सोडणे, अडीच किलोमीटर, परत येणे, मग लक्ष्मीपुरीत बाजार किंवा बँक, दुपारी पुन्हा शाळा, आठवड्यातून दोनदा काकूंना अंबाबाईच्या दर्शनाला नेणे आणि बिंदू चौकाजवळ गाडी लावायला जागा मिळेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबणे. नऊ महिन्यांत ३,१०० किलोमीटर. कागद पाहिला तर गाडीला विश्रांतीच मिळाली असे वाटावे.

तीन सल्ले

मला बोलावण्यापूर्वी काकांनी तीन ठिकाणी विचारले होते. अधिकृत केंद्रातील माणसाने फोनवर सांगितले की, दहा हजार झाले नाहीत, वर्षही झाले नाही, तेव्हा मे महिन्यात या. उद्यमनगरातील त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रींनी सांगितले, “काका, ऑइल पाच हजारालाच टाकायचं असतं, कंपनी काही म्हणू दे. तुमचं वाढलंय तेवढं खालून सोडून देऊ.” बदलायचेच असेल तर आपल्या पिंपातील १५डब्ल्यू-४० घालू, तेच ट्रॅक्टरला आणि ट्रकला चालते, असेही ते म्हणाले. अमेरिकेत असलेल्या पुतण्याने सांगितले की, तिकडे आता दहा हजारांच्या आत कोणी ऑइल बदलतच नाही, म्हणजे वर्षभर पाहायला नको.

तिन्ही सल्ले प्रामाणिक होते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पुतण्याचे दहा हजार मैलांचे होते, म्हणजे १६,००० किलोमीटर, आणि त्याची गाडी पेट्रोलची, रोज महामार्गावर तासभर धावणारी आहे. केंद्रातील माणसाने पुस्तिकेतील पहिला तक्ता वाचून दाखवला, पण गाडी कशी चालते हे विचारले नाही. मेस्त्रींच्या पाच हजारांमागे तर फार मोठा अनुभव आहे. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनात गरजेपेक्षा जास्त इंधन जाई, ऑइल खनिज तेलाचे असे, आणि तीन ते पाच हजारांत ते खरोखरच संपे. ज्या गावाने ऑइल इंजिने घडवली त्या गावातील कारागिराने ऑइलच्या बाबतीत सावध असावे, यात चूक काहीच नाही. परंतु आजचे इंधन-नियंत्रण, सुट्या भागांची अचूकता आणि सिंथेटिक ऑइल यांमुळे सरसकट पाच हजारांचा नियम आता अनेक गाड्यांच्या बाबतीत चांगले ऑइल फेकून देणारा ठरतो, आणि वापरलेले ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे, हेही विसरू नये. काकांच्याच गाडीच्या पहिल्या ४०,००० किलोमीटरांनी दहा हजारांची मुदत योग्य असल्याचे दाखवून दिले होते. प्रश्न एवढाच होता की, पुढच्या ३,१०० किलोमीटरांना तोच नियम लागू होतो का.

तपासणी

पातळी वाढण्याची कारणे मोजकीच असतात. सर्व्हिसिंगच्या वेळी जास्त ऑइल भरले गेले असावे ही पहिली शंका, पण ‘पाऊण’ ही नोंद ती शंका दूर करते. थंडाव्याचे पाणी हेड गॅस्केटमधून ऑइलमध्ये उतरले असावे ही दुसरी आणि अधिक गंभीर शंका. त्यासाठी ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहिले. ताकासारखा किंवा लोण्यासारखा थर नव्हता, कूलंटची पातळीही नऊ महिन्यांत हललेली नव्हती. राहिले इंधन. डिपस्टिक नाकाजवळ नेताच डिझेलचा वास स्पष्ट येत होता. दोन बोटांत घासून पाहता ऑइल पातळ लागत होते, पण बोटांच्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि रंगावर तर अजिबातच नाही, कारण डिझेल इंजिनात नवे ऑइल काहीशे किलोमीटरांतच काळे होते. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे काळे झाले म्हणून ऑइल खराब झाले असे म्हणता येत नाही.

काकांच्या जुन्या ओळखीमुळे औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत नमुन्याची स्निग्धता, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मोजून मिळाली. ५डब्ल्यू-३० मधील ‘३०’ या आकड्याचा अर्थ असा की, १०० अंश सेल्सिअसला ऑइलची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स यांच्या दरम्यान असली पाहिजे. काकांकडे त्याच डब्यातील उरलेले ऑइल होते, ते ११.८ भरले. इंजिनातील नमुना ८.९ भरला. म्हणजे डब्यावर ‘३०’ असले तरी प्रत्यक्षात इंजिन ‘२०’ प्रतीच्या ऑइलवर चालले होते. पातळीवरून अंदाज केला तर पाच लिटरमध्ये चारशे ते पाचशे मिलिलीटर डिझेल मिसळलेले होते. ‘२०’ प्रतीचे ऑइल वाईट असते असे नाही, अनेक नव्या पेट्रोल गाड्यांना तेच सांगितलेले असते. पण हे इंजिन त्यासाठी घडवलेले नाही, आणि डिझेलने पातळ झालेल्या ऑइलमधील झीजरोधक द्रव्येही तेवढ्याच प्रमाणात विरळ झालेली असतात.

डिझेल ऑइलमध्ये आले कसे

डीपीएफमध्ये काजळी साठत गेली की जाळीच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की इंजिनाचे नियंत्रक काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू करते. त्यासाठी धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते, आणि अशा अनेक इंजिनांत ते साधण्यासाठी ज्वलन होऊन गेल्यावर, पिस्टन खाली जात असताना, सिलिंडरमध्ये थोडे डिझेल पुन्हा फवारले जाते. ते सगळे धुराबरोबर बाहेर जात नाही. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर बसतो, पिस्टनच्या रिंगांजवळून खाली झिरपतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. महामार्गावर ही प्रक्रिया साधारण दहा ते वीस मिनिटांत एकदा पूर्ण होते आणि पुढचे काहीशे किलोमीटर तिची गरज राहत नाही. शहरात ती सुरू होते, तोवर शाळा येते आणि गाडी बंद होते. परतीच्या फेरीत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा डिझेल फवारले जाते, पुन्हा घर येते. काजळी जळत नाही. डिझेल मात्र दरवेळी थोडे थोडे खाली उतरत राहते.

काकांच्या वहीत याच्या खुणा होत्या, फक्त त्यांचा अर्थ लावला गेला नव्हता. ऑगस्टपासून ‘गाडी बंद केल्यावरही पंखा चालू’ अशी नोंद पाच वेळा आहे. ‘सिग्नलला इंजिनाचा वेग जरा जास्त’ अशी दोनदा. डीपीएफचा दिवा ऑक्टोबरमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा लागला होता. जानेवारीत काका त्यानंतर ज्योतिबाला गेले, दिवा विझला आणि विषय संपला असे त्यांना वाटले.

येथे एक गैरसमज स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘एकदा गाडी हायवेला तापवून आणा, मिसळलेले इंधन उडून जाईल’ असे पुष्कळ जण सांगतात. पेट्रोलच्या बाबतीत त्यात बरेच तथ्य आहे, कारण पेट्रोल कमी तापमानाला उडते आणि तापलेल्या ऑइलमधून वाफ होऊन निघून जाते. डिझेलचा उत्कलनाचा पल्ला साधारण १८० ते ३६० अंशांचा आहे, आणि ऑइल पॅनमधील ऑइल धावत्या गाडीत १०० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे एकदा मिसळलेले डिझेल फारसे उडत नाही. महामार्गावर जाऊन जाळी स्वच्छ होते आणि पुढचे मिसळणे थांबते, पण आधी मिसळलेले बहुतांश तसेच राहते. त्यावर ऑइल बदलणे हाच उपाय आहे. मेस्त्रींनी सुचवल्याप्रमाणे वरचे अर्धा लिटर काढून टाकले असते तर पातळी बरोबर दिसली असती, पण आत राहिलेले ऑइल तेवढेच पातळ असते आणि धोक्याची जी एकमेव खूण दिसत होती तीही पुसली गेली असती. पातळी फारच वाढली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करू लागते, फेसाळ ऑइल बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि पुढच्या टप्प्यात ते इंजिनातील वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून हवेच्या मार्गात ओढले जाऊ शकते. काकांची गाडी तिथवर गेलेली नव्हती, एवढे समाधान होते.

तासांचा हिशेब

तरीही काकांच्या मनातील आकडा निघत नव्हता : “दहा हजारांचं ऑइल तीन हजारांत कसं संपलं?” तेव्हा आम्ही किलोमीटर बाजूला ठेवले. गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. या नऊ महिन्यांचा तो ताशी १६ किलोमीटर होता. ३,१०० भागिले १६, म्हणजे इंजिन सुमारे १९४ तास चालले. कागलच्या दिवसांत सरासरी वेग ताशी ५० च्या आसपास असे. १०,००० भागिले ५०, म्हणजे २०० तास. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही पल्ले जवळजवळ सारखेच होते.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि त्याचे ऑइल तासांवरच बदलले जाते, मॉडेलनुसार अडीचशे तासांच्या आसपास. नांगर ओढणारा ट्रॅक्टर दिवसभरात किती किलोमीटर गेला, हे कोणी विचारत नाही. चारचाकीत मात्र आपण किलोमीटरच विचारतो, कारण डोळ्यांसमोर तोच आकडा असतो. शिवाय तास सारखे असले तरी त्यांची जात सारखी नव्हती. कागलला जाताना गाडी दिवसातून दोनदा सुरू होई, म्हणजे दहा हजार किलोमीटरला सुमारे पाचशे वेळा. शहरात दिवसातून पाच वेळा, म्हणजे नऊ महिन्यांत हजाराहून जास्त वेळा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले असे आपण समजतो, पण ऑइल त्याच्या बरेच मागे असते. अडीच किलोमीटरच्या फेरीत ते कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही.

पेट्रोल गाडी असलेल्यांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. ते बहुतेक सगळे सायलेन्सरमधून जाते, पण रिंगांजवळून थोडे आत येतेच, आणि थंड ऑइलमध्ये ते साचून आम्ल आणि गाळ तयार होण्यास मदत करते. थेट इंधन फवारणीच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत पेट्रोलही मिसळते. तिथे आणखी फसवी गोष्ट अशी की, थोडे ऑइल जळते, थोडे पेट्रोल मिसळते आणि डिपस्टिकवर पातळी महिनोन्‌महिने जिथल्या तिथे दिसते. म्हणून तिथे बारा महिन्यांची अट किलोमीटरइतकीच महत्त्वाची मानावी.

निर्णय

ऑइल आणि फिल्टर त्याच आठवड्यात, ४३,१०० किलोमीटरला बदलले. बदलण्यापूर्वी अधिकृत केंद्रात स्कॅनर लावून जाळीतील काजळी जाळून घेतली. हा क्रम महत्त्वाचा होता, कारण नवे ऑइल घालून मग ही प्रक्रिया केली असती तर तिचे डिझेल नव्या ऑइलमध्ये गेले असते. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलेच घेतले. पिंपातील १५डब्ल्यू-४० न घेण्याचे कारण जाडपणा हे तर होतेच, पण त्याहून मोठे कारण राख हे होते. ऑइलमधील धातुयुक्त द्रव्ये जळली की राख उरते, आणि काजळीप्रमाणे ती राख जाळून टाकता येत नाही. ती जाळीत कायमची साठते. म्हणूनच डीपीएफ असलेल्या गाड्यांना कमी राखेचे, युरोपीय वर्गीकरणात ‘सी’ गटाचे ऑइल सांगितलेले असते. मेस्त्रींना हे सांगितल्यावर त्यांनी डब्याचा फोटो काढून घेतला. ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून खर्च पाच हजार रुपयांच्या घरात गेला. बिल वहीत लावले आहे. वॉरंटीच्या काळात लवकर बदललेल्या ऑइलने काही बिघडत नाही, पण बदलल्याचा पुरावा नसेल तर पंचाईत होऊ शकते.

पुढची मुदत ‘कठीण परिस्थिती’च्या तक्त्याप्रमाणे ६ महिने किंवा ५,००० किलोमीटर अशी धरली. सोबत दोन गोष्टी ठरल्या. दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहायची, आणि पातळी कमाल खुणेला टेकली तर मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलायचे. दुसरे असे की, रविवारी सकाळी काका-काकू महामार्गाने निपाणीच्या पुढे जाऊन येतील, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, न थांबता निदान अर्धा तास. आणि पंखा किंवा दिवा जाळी जळत असल्याचे सांगत असेल तर दारात पोहोचूनही गाडी लगेच बंद करणार नाहीत, आणखी एक फेरी मारून येतील. माझ्या मते सर्वांत परिणामकारक निर्णय मात्र काकूंचा होता. नातवाला शाळेत पायी सोडायचे त्यांनी ठरवले, आणि रोजच्या पाचपैकी निम्म्याहून अधिक थंड सुरुवाती तिथेच संपल्या.

त्यानंतरच्या नोंदी

ऑगस्ट २०२५ मध्ये, ४६,१०० किलोमीटरला, ठरल्याप्रमाणे ऑइल बदलले. सहा महिन्यांत पातळी ‘पाऊण’वरून कमाल खुणेच्या थोडी खाली, एवढीच सरकली होती, डीपीएफचा दिवा एकदाही लागला नाही, आणि त्याच प्रयोगशाळेत काढलेली स्निग्धता १०.९ भरली, म्हणजे ऑइल आपल्या प्रतीतच राहिले. या आकड्यांवरून मला वाटते की, रविवारची फेरी चुकली नाही तर ही मुदत नऊ महिन्यांपर्यंत नेता येईल. काका त्याला तयार नाहीत. पावसाळ्यात दोन रविवार मुसळधार पावसाने फेरी झाली नव्हती, आणि वहीत नेमक्या त्याच पंधरवड्यात पातळी चढलेली दिसते. पुढचा बदल त्यांनी फेब्रुवारी २०२६ ला लिहून ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी पहिल्यांदाच किलोमीटरच्या रकान्याला लागून तासांचा एक नवा रकाना आखला आहे.